रियुनियनचे दोन डोंगर: पितों दे नेझ की फुर्नेझ?

गेल्या दिवाळीपासून ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघेही सह्याद्रीत नेमाने फिरणारे, घरच्यांबरोबर मॉरिशसला निघालेले, आणि तिथून चार दिवस सोडवून शेजारच्या रियुनियनला जायचं म्हणणारे. चार दिवसांत मोठा डोंगर एकच नीट होतो. मग पितों दे नेझ करावा की पितों द ला फुर्नेझ?

मी दोन्ही केले आहेत, एकाच ऑगस्टमध्ये, पाच दिवसांच्या अंतराने. फोनवर तिघांनाही उत्तर अर्धवटच दिलं गेलं, म्हणून इथे सवडीने लिहितो. अंतरं, चढाई, नकाशे तुम्ही पाहिले असतील, ते पुन्हा देत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हे बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही. युरोपच्या सहलीचा व्हिसा पासपोर्टवर आहे म्हणून चालेल असं धरून निघू नका, आधी चौकशी करा.

नेझ ३,०७० मीटरचा. हिंदी महासागरात याच्याहून उंच जागा नाही. ज्वालामुखी म्हणून तो हजारो वर्षांपूर्वी निजला, आणि पावसाने त्याचं अंग इतकं पोखरलं की शिखराभोवती सालाझी, माफात आणि सिलाओस अशा तीन प्रचंड कढया तयार झाल्या. फुर्नेझ २,६३२ मीटरचा, पण तो जागा आहे. जगात वारंवार उफाळणारे जे मोजके ज्वालामुखी आहेत त्यांत त्याची गणना होते. रियुनियनचे लोक त्याला नावानेही हाक मारत नाहीत, नुसतं ‘वोल्कां’ म्हणतात. ज्वालामुखी म्हटलं की तोच.

आधी नेझबद्दल, कारण आम्ही तो आधी केला आणि त्याच्यावर अन्याय व्हायला नको.

सिलाओसपर्यंतचा रस्ताच आठवणीत राहतो. चारशे वळणांचा घाट म्हणून तो ओळखला जातो, आणि मोजायला बसलं तर ते खोटं ठरेल असं मला वाटत नाही. गाव कढईच्या तळाशी, चारी बाजूंनी कडे. गावाच्या वर ल ब्लॉक नावाच्या जागेपासून पायवाट सुरू होते. दुपारपर्यंत अकराशे मीटर चढून काव्हेर्न द्युफूरच्या झीतवर पोचायचं. डोंगरातल्या मुक्कामाच्या घराला तिकडे झीत म्हणतात. रात्री भात, मसूर आणि रस्सा एका लांब टेबलावर सगळ्यांनी मिळून खायचा, आठ वाजता आडवं व्हायचं आणि पहाटे साडेतीनला डोक्याला विजेरी लावून शिखराकडे निघायचं.

शिखरावरची ती सकाळ मी आयुष्यभर विसरणार नाही. ऑगस्टमध्ये तिथे थंडी अशी असते की पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवायला बोटं वळत नाहीत. पूर्वेला आधी तांबूस रेघ उमटली, मग ढगांचा समुद्र दिसू लागला. सूर्य वर आला तेव्हा कुणीतरी पश्चिमेकडे बोट दाखवलं. डोंगराची सावली ढगांवर पडली होती, अगदी रेखीव त्रिकोण, क्षितिजापर्यंत पसरलेला. मग तो त्रिकोण हळूहळू आखडत आपल्याकडे येत गेला. एका बाजूला सिलाओसची कढई, दुसऱ्या बाजूला माफात, जिथे आजही गाडीरस्ता नाही, आणि पलीकडे सालाझी. दक्षिण-पूर्वेला फुर्नेझचा घुमट. हे सगळं एका जागी उभं राहून बघायला मिळतं, आणि त्यासाठी नेझला पर्याय नाही.

आता त्या पायऱ्यांबद्दल.

ल ब्लॉकपासून झीतपर्यंत वाट बऱ्याच ठिकाणी आडव्या ओंडक्यांची आहे. जंगलातली माती वाहून जाऊ नये म्हणून वाटेवर लाकडं आडवी रोवली आहेत आणि त्यांच्या मागे माती-दगड भरले आहेत. हेतू योग्य आहे, त्या बेटावर जो पाऊस पडतो त्याला दुसरा उपायही नसेल. पण वर्षानुवर्षांच्या पावसाने ओंडक्यामागची माती निघून गेली आहे. त्यामुळे एक पायरी वीतभर, तर पुढची गुडघ्याइतकी. ओंडक्याच्या मागे खळगा, खळग्यात चिखल. पाय ओंडक्यावर ठेवावा तर तो बुळबुळीत, मागे ठेवावा तर पाऊल आत जातं, दोन ओलांडून टाकावं तर कंबर हिसका खाते. कोणत्याही माणसाच्या पावलाला हे माप जुळत नाही. आपल्याकडे राजगडाच्या पाली दरवाजाच्या पायऱ्या चढताना पायाला एक ताल सापडतो. रतनगडाच्या शिडीलाही ताल आहे. इथे दर पावलाला नवा विचार करावा लागतो, आणि असं चार-साडेचार तास.

चढताना हे चालून जातं. खरी परीक्षा उतरताना. शिखर ते ल ब्लॉक हा उतार सोळाशे-सतराशे मीटरचा आहे. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाई शिखरावरून थेट समुद्रापर्यंत उतरल्यासारखं, तेही रात्री धड झोप न लागता, आणि त्यातला शेवटचा मोठा भाग या ओंडक्यांवरून. पेती माताराम नावाचं एक पठार मध्ये लागतं, तिथे माझी बायको एका दगडावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही पुढे व्हा, मी येते सावकाश.” पंचवीस वर्षांत तिने डोंगरात असं कधी म्हटलं नव्हतं. आम्ही दोघं मिळून सावकाश उतरलो. पुढचे तीन दिवस सिलाओसच्या घराच्या चार पायऱ्यासुद्धा ती कठड्याला धरून आडवी उतरत होती. माझा उजवा गुडघा परत आल्यावर महिनाभर कुरकुरत होता. आम्ही दोघं पन्नाशीच्या पुढचे आहोत, हे लक्षात घेऊन वाचा. तिशीतल्या माणसाला कदाचित यातलं काहीच जाणवणार नाही. खाली उतरताना तिथली शाळकरी मुलं आमच्या बाजूने धावत गेली, हेही पाहिलं आहे.

नेझबद्दल आणखी एक. झीतमधल्या जागा बऱ्याच आधी आरक्षित कराव्या लागतात. म्हणजे तारीख तुम्ही पुण्यात बसून ठरवता आणि हवा त्या दिवशी कशी असेल ती असेल. आम्हाला आभाळ मोकळं मिळालं, हे नशीब. आमच्या आदल्या दिवशी गेलेल्या जोडप्याला शिखरावर दहा फुटांपलीकडचं दिसलं नव्हतं. एका दिवसात ल ब्लॉकहून वर जाऊन परत येणारेही असतात, पण सूर्योदय त्यांना मिळत नाही आणि ढग त्यांच्याबरोबरच वर पोचतात.

फुर्नेझवर पहिल्या दिवशी आमचंही असंच झालं. समुद्रकाठी सेंत-पियेरला मुक्काम होता, आरामात नाश्ता करून निघालो. साडेनऊला फुर्नेझच्या कढईच्या काठावरच्या पा द बेलकोंबला पोचलो तेव्हा कड्याखालून ढग वर येत होता. दहा मिनिटांत समोरची आठ किलोमीटर रुंद कढई गायब झाली. त्या बेटावर हे रोजचं आहे. ऊन तापलं की समुद्रावरची ओली हवा उतारावरून वर सरकते आणि नऊ-दहाच्या सुमाराला उंचावरचे डोंगर झाकून टाकते. आम्ही गाडी वळवली. पण आरक्षण कशाचंच नव्हतं, म्हणून काही गेलंही नाही. त्याच दुपारी बूर्म्युरा गावात खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो.

बूर्म्युराहून वर जाणारा रस्ता अगोदर गाईंच्या कुरणांतून जातो. मग एका खिंडीत गाडी वळते आणि खाली प्लेन दे साब्ल पसरलेलं दिसतं. करड्या-तांबड्या राखेचं सपाट मैदान, झाड नाही, गवताचं पान नाही, आणि मधून जाणारी एक कच्ची सडक. आम्ही दोघंही गाडीत गप्प झालो होतो.

बेलकोंबच्या फाटकातून कड्याच्या पोटाने पाचशेहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. पण या पायऱ्या बांधलेल्या आहेत, सारख्या मापाच्या, बाजूला कठडा. खाली उतरलं की पुढे सगळं लाव्ह्यावरून चालणं. दगडांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारले आहेत, एकावरून दुसऱ्याकडे जायचं. ढग आला की हे ठिपकेच आधार, ते सोडून भटकू नये. सुरुवातीलाच फोर्मिका लेओ नावाचा तांबड्या राखेचा छोटासा कोन लागतो, १७५३ च्या उद्रेकातला. मग शापेल द रोझमों, म्हणजे लाव्ह्याचा एक पोकळ फुगवटा, ज्यात चार माणसं वाकून उभी राहतील. तिथून चढ लागतो, तोही सौम्य. दीड-दोन तासांत दोलोम्यू विवराचा काठ येतो.

विवर म्हणजे डोंगराला पडलेली एक भलीमोठी विहीर आहे, वाकून पाहिलं तरी तळ चटकन नजरेत भरत नाही. हे एप्रिल २००७ मध्ये झालं. डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राजवळ, लाव्ह्याला तोंड फुटलं आणि पोटातला रस इतक्या झपाट्याने निघून गेला की वरच्या विवराच्या तळाला आधारच उरला नाही. काही दिवसांत तो तळ तीनशे मीटरहून जास्त खाली बसला. काठावर उभं राहून समोरच्या भिंतीतले थर बघताना मला नाणेघाटाच्या कड्याची आठवण झाली. थरावर थर, मध्ये तांबडी रेघ. आपल्या कड्यांत जी लाल मातीची पट्टी दिसते, तीसुद्धा दोन लाव्ह्यांच्या मधल्या विश्रांतीचीच खूण असते.

आणि इथेच माझं पारडं झुकलं. भूशास्त्रज्ञांचं बहुमान्य मत असं आहे की पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या तप्त झोताने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खनचा काळा कातळ ओतला, तोच झोत आज रियुनियनच्या खाली आहे. झोत जागच्या जागी राहिला, भारत त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला. वाटेत लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या ओळीखालचा कातळ तयार झाला, मग मॉरिशस, आणि आता रियुनियन. हे मी जाण्याआधी वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि हात लावणं वेगळं.

परतीच्या वाटेवर मी एका ठिकाणी गुडघे टेकून बसलो. लाव्ह्याचा पृष्ठभाग दोरखंडासारखा वळलेला होता, एकाशेजारी एक पीळ. तापलेल्या दुधावरची साय चमच्याने ढकलली की चुण्या पडून ती गोळा होते ना, अगदी तसा. घडलेलंही तसंच असतं, वरची कातडी गार होऊन घट्ट होते, आतला रस पुढे जात राहतो आणि कातडीला चुण्या पाडतो. त्या दगडाला बोटाच्या पेराएवढी भोकं होती, वायूच्या बुडबुड्यांची. आत बोट घातलं तर कड इतकी धारदार की ओरखडा उठला. भोक रिकामं होतं.

माझ्या टेबलावर वाघोलीच्या खाणीतला एक दगड आहे. तोच काळा कातळ, तीच भोकं, पण त्यांत पांढरे आणि मोरपिशी स्फटिक भरलेले आहेत. मधल्या कोट्यवधी वर्षांत पाणी झिरपत राहिलं आणि एकेक भोक भरत गेलं. फुर्नेझवर मी जे रिकामं भोक पाहिलं, ते आपल्या डोंगराचं बाळपण होतं. सह्याद्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे बघायला मिळावं असं मला फार मनापासून वाटतं. सूर्योदय इतरत्रही मिळतील. (दगड मात्र उचलून आणू नका. तो सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे.)

फुर्नेझची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती झाकून ठेवणार नाही. बूर्म्युराला १९७९ पासून वेधशाळा आहे. डोंगराच्या पोटात हालचाल वाढली की तिथून इशारा जातो, आणि प्रशासन बेलकोंबचं फाटक बंद करतं. मग कढईत उतरता येत नाही, दूरच्या कड्यांवरून पाहावं लागतं. २०२३ मध्ये २ जुलैला उद्रेक सुरू झाला तो १० ऑगस्टपर्यंत चालला. आपण त्या काळात गेलो तर विवराच्या काठाची पायपीट बुडते. पण लाव्हा वाहताना दिसला तर काठ बुडाल्याचं दुःख कुणी करत बसेल असं वाटत नाही. उद्रेक दिसेलच अशी आशा धरून मात्र जाऊ नका. तो आपल्या रजेच्या तारखा बघून होत नाही. निघण्याआधी फाटक उघडं आहे ना, एवढं पाहून घ्या. या बाबतीत नेझ भरवशाचा, उद्रेकामुळे तो बंद होत नाही.

घरच्यांचा विचार करायचा तर फुर्नेझची बाजू आणखी भरते. सिलाओस गाव सुंदर आहे, तिथली बारीक मसूर प्रसिद्ध आहे आणि शाकाहारी माणसाला ती पोटभर मिळते, पण आई-वडिलांना चारशे वळणांत दोनदा बसवणं जिवावर येतं. फुर्नेझला चालू न शकणारी माणसंही बेलकोंबपर्यंत गाडीने येतात आणि कठड्याला टेकून पूर्ण कढई बघतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन पूर्व किनाऱ्याच्या लाव्ह्याच्या रस्त्याने जाता येतं. तिथे लाव्हा डोंगरावरून उतरून, डांबरी रस्ता गिळून समुद्रात गेलेला आहे. प्रत्येक प्रवाहापाशी त्याच्या सालाची पाटी आहे. जुन्या प्रवाहावर नेचे आणि करडं दगडफूल उगवलेलं, नव्यावर फक्त काळा रंग. पितों-सेंत-रोझ गावात १९७७ मध्ये लाव्हा वस्तीत शिरला, चर्चच्या दाराशी आला, दोन्ही बाजूंनी वळून गेला. भिंतींना टेकून थिजलेला तो प्रवाह आजही तसाच आहे. त्या चर्चला आता लाव्ह्याची माता असं नाव आहे. माझ्या बायकोने तिथे बराच वेळ हात जोडून डोळे मिटले होते.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. समोसे सगळीकडे मिळतात, त्यांना ते सामूसाच म्हणतात. ‘बोंबों पिमां’ म्हणजे आपल्या डाळवड्याचा सख्खा भाऊ, मिरची घातलेला. लोणच्याला ‘आशार’. हे सगळं भारतातून गेलेल्या लोकांबरोबर तिथे रुजलं आहे. भात-डाळ मागितली की मिळते. झीतवर मात्र शाकाहारी असल्याचं आरक्षण करतानाच कळवा, वर गेल्यावर पर्याय नसतो. गाडी भाड्याने घ्यावी लागते, आणि ती रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. मॉरिशसहून येणाऱ्याला हे पहिल्या चौकात आठवायला हवं.

तुमचे गुडघे ठणठणीत असतील, झीतमध्ये जागा मिळाली असेल आणि डोळ्यांसमोर ती सावली आतापासूनच येत असेल, तर नेझ करा. मी अडवणार नाही. दोन काठ्या घ्या, आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा, कमी नाही. माझ्या त्या तिघांपैकी सर्वांत धाकटीला मी हेच सांगितलं.

बाकी दोघांना म्हटलं, बूर्म्युराला दोन रात्री राहा, एक नाही. एक सकाळ ढगात गेली तर दुसरी हाताशी असते. साडेपाचला गाडी काढा, अंगावर जाड कपडे घ्या, माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारण फाटकाच्या आत ना सावली ना थेंब. सात वाजता पायऱ्या उतरायला लागा. आणि विवराकडे जाताना घाई असते, म्हणून परत येताना रोझमोंच्या अलीकडे कुठेतरी दहा मिनिटं खाली बसा आणि त्या दगडावर हात ठेवा.